मळवलीच्या शिळांवरचे चेहरे

मळवली स्टेशनात गाडी थांबते आणि माणसांच्या आधी दगड उतरू लागतात. साल 1899. तुम्ही फलाटाच्या कडेला उभे आहात. कुणीतरी तुम्हाला हमालच समजतं आणि ओरडतं, "बघत काय राह्यलात? हात लावा की!" तुम्ही वाकून हात लावता. गोणपाटात गुंडाळलेली शिळा फिकट पिवळी आहे, चार बोटं जाड आणि अंगानं इतकी गुळगुळीत की बोटांना पकड मिळत नाही. चौघांनी मिळून ती बैलगाडीत चढवेपर्यंत कंबर धरते.

ही शिळा सह्याद्रीची नाही. मावळात दगडाला तोटा नाही. समोर लोहगड आणि विसापूर, मागं कार्ल्याचा डोंगर, सगळा काळा कातळ. पण त्या कातळावरून चित्र छापता येत नाही. शिळाछपाईला लागतो तो जर्मनीत बव्हेरियातल्या सोलनहोफेनच्या खाणीचा चुनखडीचा दगड. तो पाणीही पितो आणि चरबीही धरून ठेवतो. तिथून समुद्रमार्गे मुंबईला, मुंबईत काही वर्षं राबून आता भोर घाट चढून इथं, असा त्याचा प्रवास झालेला आहे. त्याच्याबरोबर जर्मन बनावटीची यंत्रं आहेत, रंगांचे डबे आहेत, कागदांचे गठ्ठे आहेत आणि मुंबईच्या हवेला भ्यालेली माणसं आहेत.

भ्यायला कारण आहे. 1896 च्या पावसाळ्याअखेरीस मुंबईत प्लेग शिरला आणि शहर रिकामं होऊ लागलं. गिरणीत माणसं नाहीत, गोदीत नाहीत, तशीच छापखान्यातही नाहीत. राजा रविवर्मा आणि त्यांचे धाकटे भाऊ सी. राजराजवर्मा यांनी 1894 साली मुंबईत मोठ्या हौसेनं उभा केलेला हा छापखाना प्लेगनं मेटाकुटीला आणला. म्हणून तो मावळात आला. इथं रेल्वे दाराशी आहे, पाणी इंद्रायणीचं आहे आणि थंड हवा जर्मन कारागिरांना मानवणारी आहे. चित्रांच्या खालच्या पट्टीवर आता नवा पत्ता छापला जाणार आहे: कार्ला-लोणावळा.

छापखाना काढायचा सल्ला म्हणावा तर एका मराठी घरातल्या माणसाचा. सर टी. माधवराव हे तंजावरी मराठी घराण्यातले, आधी त्रावणकोरचे आणि पुढं बडोद्याचे दिवाण. त्यांनी 1884 च्या सुमारास रविवर्म्यांना लिहून सुचवलं होतं की तुमची चित्रं मागणारे पुष्कळ आहेत आणि तुमचे हात दोनच, तेव्हा निवडक चित्रं युरोपात पाठवून त्यांचे रंगीत छाप काढा. रविवर्म्यांनी दहा वर्षं घेतली, आणि चित्रं युरोपात पाठवण्याऐवजी युरोपातलं यंत्रच इकडं आणलं. गोवर्धनदास खटाव मकनजी हे भागीदार मिळाले. पहिला छाप निघाला तो शकुंतलेच्या जन्माचा.

आता दोन वर्षं पुढं या. 1901 चा चैत्र आहे. एकवीरेच्या यात्रेला मुंबईहून आलेले कोळी मळवलीला उतरून कार्ल्याच्या डोंगराकडं निघाले आहेत, आणि तुम्ही छापखान्याच्या पडवीत उकिडवे बसून दगड घासत आहात. नवीन माणसाला हेच काम. एका शिळेवर बारीक वाळू आणि पाणी टाकायचं, वर दुसरी शिळा पालथी घालायची आणि आठाच्या आकड्यासारखी फिरवत राहायची. खालच्या शिळेवर कालपर्यंत एका चित्राचा निळा रंग होता. तो पुसला जाईपर्यंत, पुसल्यावरही त्याची चरबी दगडातून निघून जाईपर्यंत, घासायचं. दगड महाग आहे. एका चित्राची छपाई संपली की त्याच दगडाला दुसऱ्या चित्राचा जन्म घ्यावा लागतो. तुमच्या हाताखालून जे पाणी ओघळतं आहे त्यात कालचा निळा विरघळून चालला आहे.

"वाळू पुन्ना चाळून घ्या," शेजारचा म्हातारा सांगतो. "एक खडा ऱ्हायला तर देवाच्या गालावर ओरखडा येतोय."

दुपारी हात लाल झाले की तो तुम्हाला आतल्या खोलीच्या दारात नेतो. आत जायची मुभा नाही, फक्त बघायचं. उत्तरेच्या खिडकीखाली एक मनुष्य मेजावर ठेवलेल्या शिळेवर ओणवा झाला आहे. डाव्या बाजूला लक्ष्मीचं चित्र लावलेलं, कमळावर उभी असलेली, हत्ती माळ घेऊन आलेला. ते चित्र तुम्हाला पाठ आहे. तुमच्या घरात, तुमच्या वाण्याच्या गल्ल्यामागं, रिक्षाच्या काचेवर ते तुम्ही जन्मल्यापासून बघत आलात. पण हा मनुष्य लक्ष्मी काढत नाही. तो ठिपके टाकतो आहे. टाकाच्या टोकानं, साबण, मेण, चरबी आणि काजळी मिळून केलेल्या शाईनं, मोहरीहून बारीक ठिपके. कुठं दाट, कुठं विरळ. आणि सगळं उलटं, कारण कागदावर उमटताना डाव्याचं उजवं होणार.

या शिळेवर फक्त गुलाबी रंग आहे. म्हणजे त्या मनुष्याला लक्ष्मीच्या चेहऱ्यातून गुलाबी तेवढा वेगळा काढून बघावा लागतो. गालावर किती, पापणीच्या वर किती, हनुवटीच्या सावलीत किती. पिवळा दुसऱ्या शिळेवर गेलेला आहे. फिका निळा तिसऱ्या, तपकिरी आणखी चार शिळांवर. एका चांगल्या छापाला दहा-पंधरा शिळा सहज लागतात, कधी वीसही. शाई दगडावर काळीच दिसते. रंग पुढं यंत्रावर चढणार. सगळे रंग एकावर एक बसल्यावर काय दिसेल हे त्याला आत्ता, काळ्या ठिपक्यांकडं बघत, डोळ्यांपुढं आणायचं आहे. ही नक्कल मानणाऱ्यांनी एकदा हे काम बघायला हवं होतं. राजासाहेबांनी चेहरा रंगवला तेव्हा रंग पाटीवर कालवून बघायची सोय होती. याला ती नाही.

ठिपके झाले की शिळेवर डिंकाचं पाणी आणि थोडं तेजाब. जिथं शाईची चरबी आहे तिथला दगड चरबीच धरतो, बाकीचा पाणी धरतो. मग ओल्या शिळेवर रंगाचा रूळ फिरवला की रंग ठिपक्यांनाच चिकटतो. तेल आणि पाण्याचं वैर, एवढ्यावर सगळी विद्या उभी आहे. अलोइस झेनेफेल्डर या बव्हेरियन माणसानं अठराव्या शतकाच्या शेवटी ती शोधली. आपल्याकडंही ती नवी नव्हती. पुण्यात विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या पुढाकारानं 1878 मध्येच चित्रशाळा निघाली होती आणि तिची देवदेवतांची, पेशवाईतल्या पुरुषांची चित्रं घरोघर लागलेली होती. मळवलीचा छापखाना त्यात एक गोष्ट नवीन घेऊन आला, चेहरा.

तो चेहरा कुठून आला हे बघायला तुम्हाला क्षणभर मावळ सोडावं लागेल. याच वर्षी रविवर्मा उदयपूरच्या राजवाड्यात महाराणा फतेहसिंहांचं चित्र रंगवत आहेत. हा त्यांचा मूळ धंदा. किळिमानूरच्या घराण्यातला मुलगा, जन्म 1848 चा, चौदाव्या वर्षी त्रावणकोरच्या दरबारात आला. तिथं एका दरबारी चित्रकारानं तेलरंगाची विद्या शिकवायचं नाकारलं. थिओडोर जेन्सन नावाचा युरोपियन चित्रकार महाराजांची तसबीर करायला आला, त्यानं निदान बघत बसू दिलं. बघून बघून मुलगा शिकला. 1873 मध्ये मद्रासच्या प्रदर्शनात सुवर्णपदक मिळालं, 1878 मध्ये मद्रासच्या गव्हर्नराचं, ड्यूक ऑफ बकिंगहॅमचं चित्र झालं, आणि मग संस्थानिकांची रांग लागली. बडोद्याच्या सयाजीरावांनी बोलावलं, पुढं चौदा पौराणिक चित्रं मागितली. ती 1890 मध्ये बडोद्याला गेली आणि लोकांनी ती बघायला गर्दी केली.

राजाची तसबीर करणाऱ्याला काय यावं लागतं? मखमलीवरचा उजेड, मोत्यांचं वजन, आणि मुख्य म्हणजे समोरच्या कातडीखाली रक्त आहे हे दाखवणं. रविवर्म्यांनी हे सगळं उचललं आणि पुराणात नेलं. दमयंती, सरस्वती, मोहिनी, सगळ्यांना त्यांनी समोर बसलेल्या बाईसारखं रंगवलं. मुंबईत गिरगावात त्यांचं काम चाले, तिथं मराठी आणि गोव्याकडच्या गाणाऱ्या बायका मॉडेल म्हणून बसत. गायिका अंजनीबाई मालपेकर त्यांच्यासाठी बसल्याचं सांगितलं जातं. पौराणिक नायिकांना नेसवायला काय, हा प्रश्न त्यांनी देशभर हिंडून पाहिल्यावर सोडवला आणि त्यांच्या कितीतरी नायिका नऊवारी नेसून उभ्या राहिल्या. देवीला पहिल्यांदाच ओळखीच्या बाईचा चेहरा आला.

या चेहऱ्यांबद्दल मला एक तक्रार आहे, आणि ती इथंच सांगायला हवी. ते सगळे गोरे आहेत, भरल्या अंगाचे आहेत, खात्यापित्या घरातले आहेत. पडवीत तुमच्या शेजारी दगड घासणाऱ्याची बायको त्यात कुठंही नाही. पुढं भगिनी निवेदिता आणि आनंद कुमारस्वामींनी रविवर्म्यांना नाटकी आणि उसनं ठरवलं. त्या टीकेतलं मला फारसं पटत नाही, कारण टीकाकार कलादालनात उभे राहून बोलत होते. चित्र गेलं होतं भलतीकडं. ज्यांना देवळाचा उंबरा ओलांडू दिला जात नव्हता त्यांच्या भिंतीवरही हा कागद लागू शकत होता. महाडचं तळं आणि काळारामाचं दार यायला अजून पाव शतकाहून जास्त अवकाश होता. कागद विकत घेताना कुणी जात विचारत नाही.

चला, मळवलीला परत. पावसाळा लागला आहे आणि छापखान्यात चिडचिड सुरू झाली आहे. बाहेर खाचरांतून आंबेमोहोराची लावणी, इरली पांघरलेल्या बायका वाकलेल्या, आणि आत मशीनमन कागदाकडं बघून डोक्याला हात लावून बसलेला. कागद ओल धरतो आणि फुगतो. फुगला की सुतभर वाढतो. काल पिवळा छापला तेव्हा लक्ष्मीचा ओठ जिथं होता तिथं तो आज नाही. आज लाल चढवला तर तो ओठाबाहेर जाईल.

"रजिस्टर हललं," मशीनमन म्हणतो. तुम्ही वाकून बघता. कागदाच्या कडेला बारीक फुल्या छापलेल्या आहेत, प्रत्येक रंगाच्या शिळेवर त्याच जागी. त्या एकावर एक बसल्या तर चित्र बसलं. आज त्या बसत नाहीत. कागद दोरीवर लटकवून ठेवायचे, ऊन पडेपर्यंत थांबायचं, पुन्हा लावून बघायचं. मावळातलं ऊन आषाढात किती वेळ पडतं ते तुम्हाला ठाऊक आहे. गठ्ठाभर कागद वाया जातात. ओठ सुटलेल्या, डोळा नाकावर सरकलेल्या लक्ष्म्या कोपऱ्यात रचल्या जातात. धंदा तोट्यात का गेला याची जी कारणं पुस्तकांत येतात त्यात कर्ज आहे, कारभार आहे, भागीदाराचं बाहेर पडणं आहे. त्यात आषाढाचंही नाव घालायला हरकत नाही असं मला ही खोली बघून वाटतं.

सगळे रंग बसले की शेवटी कागदावर रोगण चढतं आणि कॅनव्हासच्या विणीसारखा दाब दिला जातो, म्हणजे तो तेलचित्रासारखा चमकतो. काही प्रती पुढं घरी नेऊन हौशी बायका त्यावर जर आणि टिकल्या शिवतात. देवीच्या लुगड्याचे काठ खरे होतात.

रविवर्म्यांच्या हातून हा छापखाना गेला तो नव्या शतकाच्या पहिल्या काही वर्षांत. घेणारा त्यांचाच जर्मन तंत्रज्ञ, फ्रिट्झ श्लायशर. चित्रांचे हक्कही त्याच्याकडं गेले. श्लायशर धंद्याचा पक्का होता. देवांबरोबर त्यानं कॅलेंडरं, साबणांच्या आणि बाळांच्या खाण्याच्या जाहिराती, लेबलं छापायला घेतली. एम. व्ही. धुरंधरांसारख्या चित्रकारांकडून नवी चित्रं करून घेतली. छापखाना तगला तो त्याच्यामुळं.

रविवर्म्यांच्या डोळ्यांदेखत भाऊ गेला, 1905 च्या सुरुवातीला. राजराजवर्मा हा या गोष्टीतला सावलीतला माणूस. चित्रांमागची डोंगर-झाडं पुष्कळदा त्याच्या हातची, छापखान्याचा हिशोब त्याच्याकडं आणि रोजची डायरीही त्याचीच. 2 ऑक्टोबर 1906 ला रविवर्मा गेले, किळिमानूरला.

त्याच वर्षी तुम्ही लोणावळ्यात या. धुंडिराज गोविंद फाळके नावाचा छत्तीस वर्षांचा त्र्यंबकेश्वरचा गृहस्थ इथं आपला छापखाना थाटतो आहे, फाळके एन्ग्रेव्हिंग अँड प्रिंटिंग वर्क्स. प्लेगनं त्याची पहिली बायको आणि मूल नेलं आहे. गोध्र्यातला फोटोचा धंदा बसला, पुरातत्त्व खात्यातली नोकरी सुटली. आता मळवलीच्या छापखान्यासाठी तो फोटोवरून दगडावर चित्र उतरवून देतो. म्हणजे आतल्या खोलीतला मनुष्य जे टाकानं करत होता त्यातला काही भाग आता कॅमेरा करू लागला आहे. फाळक्यांच्या हाताखालून हे देव जातात, हरिश्चंद्र जातो, तारामती जाते. सात वर्षांनी, 1913 च्या मे महिन्यात, मुंबईच्या कॉरोनेशन सिनेमात 'राजा हरिश्चंद्र'चा पडदा उजळला तेव्हा पहिल्याच दृश्यात राजा, राणी आणि रोहिदास रविवर्म्यांच्या चित्रासारखेच उभे होते. भारतीय सिनेमाची एक मुळी मळवलीच्या फलाटापासून चार-पाच मैलांवर आहे, हे लोणावळ्याला चिक्की घ्यायला उतरणाऱ्यांना कुणीतरी सांगायला हवं.

आता शेवटचं एक ठिकाण. मळवलीहून कार्ल्याचा डोंगर चढा. एकवीरेच्या देवळामागं चैत्यगृहाच्या दारावर थांबा. दोन हजार वर्षांपूर्वीच्या या दर्शनी भिंतीवर स्त्री-पुरुषांच्या जोड्या कोरल्या आहेत, आणि आजूबाजूला ब्राह्मी लेख. कुणी खांब दिला, कुणी काय दिलं, ते सगळं नावानिशी. दारापाशी एक लेख सांगतो की हे दार धेनुकाकट इथल्या वेणुवासाचा मुलगा, सुतार सामी यानं केलं. सुतारानं केलं आणि सुताराचं नाव राहिलं, बापाच्या नावासकट.

खाली मळवलीत ठिपके टाकणाऱ्याचं नाव कुठंच नाही. छापाच्या तळपट्टीत चित्रकाराचं नाव येतं, छापखान्याचं येतं, गावाचं येतं. लक्ष्मीच्या गालावरचा गुलाबी ज्यानं वेगळा ओळखला त्याचं येत नाही. मशीनमनचं नाही, दगड घासणाऱ्याचं नाही. आपल्या देवघरांत गेली सव्वाशे वर्षं जे चेहरे आहेत ते एका तसबीरकारानं कल्पिले हे खरं. पण त्याची मूळ चित्रं बडोद्याच्या, म्हैसूरच्या, त्रिवेंद्रमच्या भिंतींवर राहिली, 1979 पासून ती देशाबाहेर नेता येत नाहीत अशा राष्ट्रीय ठेव्यात गणली गेली. आपल्यापर्यंत जे आलं ते या दुसऱ्या हातांतून आलं, आणि मला वाटतं त्या हातांनाही चित्रकार म्हणायला हवं. सामीला जमलं ते यांना मिळालं नाही, एवढंच.

1935 मध्ये श्लायशर गेला. छापखाना पुढंही चालला आणि 1972 मध्ये आगीत त्याचं बरंचसं जळालं.

तुमच्या घरात आजोबांच्या वेळची एखादी तसबीर असेल तर ती उतरवा आणि चौकटीच्या मागचे खिळे जपून काढा. तळपट्टी शाबूत असली तर पत्ता मिळेल. पुष्कळदा चौकटवाल्यांनी ती कापून टाकलेली असते. मग भिंग घ्या आणि गालावर धरा. आजकालच्या छपाईचे ठिपके सरळ रांगांत, एकसारख्या अंतरानं असतात. तसे नसतील, एक दाट, एक विरळ, एक चुकून जरा मोठा पडलेला असेल, तर ते कुणीतरी खिडकीखाली बसून टाकानं टाकलेले आहेत.